आवडाबाईने वाळूत ठेवलेली कौलं

रेवदंड्याच्या बंदरावर मी कारकून म्हणून लागलो तो एकोणीसशे चोपन्न साली. घर नागावला. रोज सकाळी सायकलवर डबा अडकवून निघायचो आणि उन्हं चढायच्या आत कचेरीचं कुलूप काढायचो. कचेरी म्हणजे धक्क्याच्या टोकाला एक खोली, एक टेबल आणि खाडीकडे उघडणारी खिडकी. त्या खिडकीतून मला आवडाबाई पहिल्यांदा दिसली.

ते दिवस कौलांचे होते. जिल्ह्यातली घरं एकामागून एक पेंढा टाकून मंगलोरी कौलं घालत होती, आणि ती सगळी कौलं समुद्रातून यायची. नारळी पौर्णिमेनंतर वारा निवला की दक्षिणेकडून फत्तेमाऱ्या सुटायच्या. मोठ्या शिडांची ती लाकडी व्यापारी जहाजं, एकेकीच्या पोटात पंधरा-सोळा हजार कौलं. खाडीच्या तोंडाशी कोर्लईच्या किल्ल्याखालून वळून ती भरतीबरोबर आत येत आणि आमच्या धक्क्याला लागत. खलाशी आतून माल वर द्यायचे, आणि जहाज ते धक्का अशी जी फळी टाकलेली असे, तिच्यावरून बायका डोक्यावर चुंबळ ठेवून दहा-दहा कौलं उतरवायच्या. टोळीवर मुकादम होता गुणाजी. साठी उलटलेला, पूर्वी खलाशी होता, आवाज असा की कोर्लईच्या बाजूला ऐकू जावा.

या टोळीत आवडाबाई नुसती एक हमाल होती. अठ्ठावीस-तीस वर्षांची, उंचीने बेताची, खांद्यात रुंद, बोलायला कमी. पण मला काही दिवसांतच कळलं की गुणाजी ओरडायचा आणि बायका आवडाबाईकडे बघायच्या. ती हनुवटीने जिकडे दाखवील तिकडे ओझं जायचं.

ती मूळची थळची. चंदर नावाच्या रेवदंड्याच्या कोळ्याशी तिचं लग्न झालं अठ्ठेचाळीस साली. चंदर डोलीच्या, म्हणजे पाण्याच्या ओढीत खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याच्या, मासेमारीला जायचा, आणि त्याची आई नीराबाई आणलेली मासळी चौलच्या आळ्यांतून विकायची. नीराबाई म्हणजे विकण्यात पटाईत बाई. सुनेने हे काम पुढे चालवावं असं तिच्या मनात होतं. तिने सुनेच्या डोक्यावर पाटी दिली, दारं दाखवली, गिऱ्हाइकं ओळखवली. पण आवडाबाईला विकता येईना. कोणी विचारलं, बोंबील आजचे का, तर ती सरळ सांगायची की दोन कालचे आहेत, बाकीचे आजचे. गिऱ्हाईक खूश व्हायचं, चार गोष्टी बोलायचं आणि काही न घेता दार लावायचं. पाटी जशी गेली तशी परत यायची. नीराबाई शेजारणींना सांगायची, "माझी सून मासळी इकायला न्हाय जात, फिरवून आनायला जाते." रागाने नव्हे, पण बोलायची खरी. आणि आवडाबाईला ते लागायचं. आपल्याला काहीच धड जमत नाही असं तिला त्या दोन वर्षांत वाटत होतं, हे तिनेच मला पुढे सांगितलं.

मग एकदा नीराबाईने तिला सुकी मासळी देऊन बंदरावर पाठवलं. दक्षिणेकडचे खलाशी सुकट घेतात, घासाघीस फार करत नाहीत. त्या दिवशी धक्क्यावर कौलं उतरत होती आणि एक बाई फळीवरून घसरून बसली. तिला फार लागलं नाही, पण ती उठेना, आणि मागची रांग फळीवर अडकली. आवडाबाईने आपली पाटी खाली ठेवली, त्या बाईला हात धरून बाजूला बसवलं, आणि तिच्या जागी जाऊन ओझं उचललं. एक खेप झाली, दुसरी झाली. संध्याकाळपर्यंत ती काम करत राहिली. पाटीतली सुकट कावळ्यांनी नेली. घरी गेल्यावर नीराबाईने विचारलं तेव्हा तिने सगळं खरं सांगितलं आणि वर म्हणाली की उद्यापासून मी बंदरावरच जाणार. नीराबाईने रिकामी पाटी उचलून कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाली, जा, निदान पाटी तरी रिकामी येईल.

त्या कामात आवडाबाईचा जीव रमला. ओझं कसं उचलावं यापेक्षा ते कसं ठेवावं याकडे तिचं लक्ष. कौलं आडवी रचली की खालची दबून तडकतात, म्हणून ती उभी लावायची, एकाला एक टेकून, घट्ट. तिने लावलेली रास वाऱ्यावादळात हलत नसे. मी माझ्या खिडकीतून बघायचो. डबा खाताना कधी ती कचेरीच्या सावलीत येऊन बसायची, तेव्हा मी तिला तिच्या घरच्या गोष्टी विचारायचो आणि ती मला भरतीओहोटीचं शिकवायची. बंदरावर नोकरी करत असूनही मला पाण्याची वेळ पंचांगात बघावी लागे. तिला ती चंद्रावरून कळे.

छप्पन्न सालच्या चैत्रात ती गोष्ट घडली. पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते. दुपारी दोनच्या सुमारास वेंगुर्ल्याच्या विठोबा तांडेलाची फत्तेमारी खाडीत शिरत होती. विठोबा जातीने गाबीत, जहाजाचा कप्तान, पन्नाशीचा, या किनाऱ्यावर वीस वर्षं जा-ये करणारा माणूस. जहाजाचं नाव 'सातेरीप्रसाद'. वारा ऐन वळणावर पडला, शिडं लुळी झाली, आणि भरतीच्या शेवटच्या पाण्याने जहाजाला हळूच नेऊन खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावर बसवलं. आवाजसुद्धा झाला नाही. आम्ही धक्क्यावरून बघत होतो. थोड्या वेळाने पाणी उतरू लागलं आणि जहाज एका बाजूला कलंडलं, तेव्हा गुणाजी म्हणाला की रुतलं.

रात्रीच्या भरतीला ते हललं, पण उठलं नाही. अडचण अशी होती की उधाण सरत चाललं होतं. प्रत्येक भरतीचं पाणी आदल्यापेक्षा कमी येणार. दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाण्यात जहाज निघालं नाही, तर मग अमावास्येच्या उधाणापर्यंत दहा-बारा दिवस ते तिथेच राहणार, आणि तेवढ्या दिवसांत लाटांनी फळ्या सैल होऊन पोटात पाणी भरणार. विठोबाचं स्वतःचं असं ते एकच जहाज.

सकाळी सहाच्या सुमारास मी पोचलो तेव्हा दांडा उघडा पडला होता आणि टोळी गुडघाभर पाण्यातून चालत जहाजापर्यंत गेली होती. मीही धोतर वर खोचून गेलो. विठोबा सुकाणूजवळ वाळूत बसला होता. गुणाजी फेऱ्या मारत होता. जहाज हलकं करायचं हे सगळ्यांना कळत होतं. पण काढलेली कौलं न्यायची कशात? उधाणाचे दिवस म्हणजे डोलीचे दिवस. कोळीवाड्यातल्या सगळ्या होड्या समुद्रात होत्या. मागे राहिल्या होत्या दोन, त्यातली एक गळकी. एका होडीतून किती नेणार? डोक्यावरून धक्क्यापर्यंत नेली तर एक खेप व्हायला पाऊण तास. गुणाजी म्हणाला, होड्या दुपारी परत येतील, तोवर थांबू.

"दुपारी पानी बी येईल," आवडाबाई म्हणाली.

ती जहाजाभोवती फिरून आली होती. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, वाळू किती चढली आहे, मागची बाजू किती मोकळी आहे, हे तिने हाताने चाचपून पाहिलं होतं. आता ती विठोबासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली की नाळेकडचा माल काढून इथेच वाळूत ठेवू.

गुणाजीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो म्हणाला, अगं, दुपारपर्यंत इथे पुरुषभर पाणी असेल.

"असू दे. कौलं हायत, साखर न्हाय. भट्टीतनं निघाल्यात ती. पावसात चार-चार महिनं भिजतात, खाऱ्या पान्यानं त्यांना काय हुतंय?"

इतकी साधी गोष्ट, आणि ती आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. गुणाजीने विचारलं की पाण्याच्या ओढीने कौलं वाहून गेली, वाळूत गडप झाली तर काय करायचं. त्याचाही विचार तिने केला होता. कौलं उभी लावायची, रांगा पाण्याच्या ओढीला सरळ ठेवायच्या, आडव्या नाही, म्हणजे पाणी रांगांच्या मधून निघून जाईल. आणि वर जुनी जाळी टाकून कडेने खुंट ठोकायचे. डोलीची फाटकी जाळी कोळीवाड्यात घरोघरी पडलेली असतात.

विठोबा उठून उभा राहिला. "बाये," तो म्हणाला, "शेटाची कौलां दर्यात ठेवलंय म्हणान उद्या मी काय सांगू?"

"सांगा, ठेवली हुती, परत आनली."

विठोबाने जहाजाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तारू वाचला तर मी वाचलंय. जा काय करूचा ता कर."

आता राहिलो मी. मला हे सांगताना आजही थोडं ओशाळायला होतं. मी म्हणालो की नियमाप्रमाणे माल धक्क्यावरच उतरला पाहिजे, दुसरीकडे कुठे उतरवायला मला परवानगी देता येणार नाही, अलिबागला विचारावं लागेल. अलिबागला विचारायचं म्हणजे मी सायकलवर जाऊन यायला दुपार टळली असती. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आवडाबाई शांतपणे म्हणाली, "भाऊसायब, उतरवतंय कोन? आमी नुसती बाजूला ठेवतोय. जहाज उठलं की उचलू आनि तुमच्याच धक्क्यावर उतरवू."

मी विचार केला आणि मला त्यात चूक सापडेना. खरं म्हणजे शोधायचीही नव्हती. मी हातातल्या चपला तिथे आणून ठेवलेल्या गळक्या होडीत टाकल्या आणि विचारलं की मी कुठे उभा राहू.

तिने आम्हाला डोक्यावर ओझं घेऊच दिलं नाही. मऊ वाळूत ओझ्याने पाय रुततो आणि माणूस दमतो. जहाजाच्या काठापासून दांड्याच्या उंच भागापर्यंत तिने दोन रांगा उभ्या केल्या, हाताच्या अंतरावर एकेक माणूस. खलाशी आतून दोन-दोन कौलं बाहेर द्यायचे आणि ती हातोहात पुढे जायची. जागचं कोणी हलायचं नाही. शेवटाला दोन्ही रांगांच्या मध्ये ती स्वतः होती, कौलं लावत. सुरुवातीला गडबड झाली. कुणाचा हात लवकर पुढे यायचा, कुणाचा उशिरा. मग एका बाईने गुणगुणायला सुरुवात केली, इतरांनी धरलं, आणि हात एका चालीवर पडू लागले. माझ्या एका बाजूला चौलची सखुबाई होती आणि दुसऱ्या बाजूला गुणाजी. गुणाजी अर्धा तास कौलं पुढे देत राहिला. नंतर म्हणाला, "चाळीस वर्षं फळीवरनं बायका चालवल्या मी. हे आधी सुचायला पायजे हुतं." आणि पुढचं कौल माझ्या हातात दिलं.

साडेआठाला कोळीवाड्याकडून सात-आठ बायका पाण्यातून येताना दिसल्या. पुढे नीराबाई, डोक्यावर जाळ्यांचा हा एवढा ढीग. निरोप गेल्यावर तिने दारोदार फिरून जाळी गोळा केली होती. काही घरांत बाया नाही म्हणत होत्या, जाळी अजून कामाची आहेत म्हणून. पण नीराबाईला आजवर कोणी नाही म्हणून परत पाठवलेलं नव्हतं. तिने जाळी खाली टाकली, कौलांच्या रांगा पाहिल्या. कंबरेवर हात ठेवून पाहतच राहिली. गावात कुणाचं अंगणसुद्धा इतकं नीट नव्हतं. मग पदर खोचून ती खुंट ठोकायला बसली.

दहाच्या पुढे पाणी रांगेतल्या पहिल्या माणसांच्या घोट्याला लागलं. आवडाबाईने आणखी थोडा वेळ काम चालू ठेवलं आणि मग हात वर केला. पाच हजारांच्या वर कौलं वाळूत उभी होती. जाळी घट्ट बांधून झाली, विठोबा बहुतेक खलाशांसह जहाजावर चढला, आणि आम्ही बाकी सगळे किनाऱ्यावर जाऊन बसलो. कुणी भाकरी आणल्या होत्या, कुणी सुकट. ओली वस्त्रं अंगावरच वाळत होती. समोर पाणी चढत गेलं आणि कौलं दिसेनाशी झाली. तेव्हा आमच्यात बसलेल्या एका खलाशाने डोळे मिटून घेतले.

दीड वाजून गेल्यावर जहाज सरळ होऊ लागलं. विठोबाने मागे नांगर टाकून ठेवला होता, त्याचा दोर खलाशी ओढू लागले. एकदा ते हललं आणि थांबलं. पुन्हा हललं. मग अगदी सावकाश, जणू काही झालंच नाही अशा बेताने, ते मागे सरकलं आणि पाण्यावर डुलायला लागलं. आवडाबाई उठली, हाताची वाळू झटकली आणि बायकांना म्हणाली की धक्क्यावर चला, उरलेला माल उतरवायचा आहे.

वाळूतली कौलं आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला उचलली. एका रांगेचं टोक ढासळलं होतं, बाकी सगळी जशीच्या तशी उभी होती, अंगावर थोडा शेवाळासारखा गाळ आणि मधून मधून लहान खेकडे. फुटली ती एका पाटीत मावली. मी वर रीतसर पत्र लिहून जे झालं ते कळवलं आणि दोन महिने उत्तराची वाट पाहत नीट जेवलो नाही. पावसाळ्यात उत्तर आलं की माल अखेर धक्क्यावरच उतरला असल्यामुळे पुढे काही करण्याची गरज वाटत नाही. ते मी आवडाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी तेच सांगत होते.

चंदर त्या दिवशी संध्याकाळी समुद्रावरून परत आला तेव्हा घरातली जाळी गायब होती आणि आई व बायको दोघी पाय पसरून झोपल्या होत्या. त्याने शेजारी विचारून सगळं ऐकलं आणि स्वतः चूल पेटवली. तो मितभाषी माणूस. बायकोचं कौतुक त्याने तोंडाने कधी केल्याचं मला माहीत नाही. पण पुढे कुठलंही मोठं जहाज बंदरात आलं की मासेमारीहून परतताना तो आपली होडी धक्क्याजवळून नेई आणि थोडा वेळ वल्हं थांबवून बघे.

त्याच वर्षी नारळी पौर्णिमेनंतर पहिली फत्तेमारी आली तेव्हा गुणाजी धक्क्यावर आला, पण तांडेल माल कुठून काढायचा ते विचारायला लागला तर त्याने नुसतं बोट केलं. "तिला इचारा." टोळीत दोन-चार पुरुष हमालही होते, त्यांनी कुरबूर केली. एकाने काम सोडलं आणि आठवडाभराने परत आला. आवडाबाईने त्याला काही विचारलं नाही, रांगेत जागा दिली. फळीवरून ओझी नेणं तिने बंद केलं. धक्क्यावरही हातोहात रांग लागायला लागली. मान आखडण्याच्या, घसरण्याच्या तक्रारी संपल्या, आणि पोटुशा बाईलाही आणखी चार महिने रांगेत उभं राहता येई. टोळीला पुढे इतर गावांहून बोलावणी येत. एकदा रेवसलाही जाऊन आली.

विठोबा दर हंगामात यायचा. एकसष्ट साली त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा त्याने आवडाबाईला आणि नीराबाईला बोलावणं केलं आणि नुसतं बोलावून न थांबता स्वतःच्या जहाजातून न्यायलाच आला. शेकडो जहाजं हाताखालून गेली, पण आवडाबाईने जहाजातून प्रवास असा केला नव्हता. पहिल्या दिवशी हर्णैच्या पुढे तिला समुद्र लागला आणि ती आडवी झाली. नीराबाईला काहीच झालं नाही. ती खलाशांना आमटी कशी करायची ते शिकवत होती. दुसऱ्या दिवशी आवडाबाई उठली, तळात उतरून मिठाची पोती बघून आली आणि विठोबाला म्हणाली की भार उजवीकडे जास्त झालाय. पाहिलं तर तसंच होतं. लग्नात तिला मुलीच्या मावशीसारखा मान मिळाला. नीराबाईने वेंगुर्ल्याच्या बाजारात दोन तास उभी राहून तिथल्या कोळणींचे भाव ऐकले आणि त्या फार स्वस्त देतात असा निकाल दिला.

त्रेसष्ट साली माझी बदली श्रीवर्धनला झाली. त्यानंतर फत्तेमाऱ्या कमी होत गेल्या. रस्ते सुधारले, आणि कौलं ट्रकमधून यायला लागली. सदुसष्ट साली गावी आलो असताना मी मुद्दाम रेवदंड्याला गेलो. धक्का बराच मोकळा होता. मला वाटलं होतं आवडाबाई घरी असेल, पण ती बाजाराच्या वळणावर सापडली. तिची टोळी एका ट्रकमधून सिमेंटच्या गोण्या खाली करत होती, रांग लावून. केस पिकले होते, खांदे तेवढेच रुंद. मला पाहून तिने हनुवटीने सावलीतला दगड दाखवला. मी बसलो. थोड्या वेळाने ती आली, पाणी प्याली. नीराबाई ठीक आहे म्हणाली, आपल्या दोन्ही मुलींची लग्नं झाली, धाकटी मासळी विकते आणि आजीच्या वरताण आहे.

मी विचारलं की जहाजं गेली याचं वाईट नाही का वाटत.

तिने विचार केला. "वाईट असं न्हाय. काम हाय. पन ट्रक कवा बी येतो, भाऊसायब. जहाजाला भरतीसाठी थांबायला लागायचं, तेवढ्यात आमचं निवांत जेवन व्हायचं." मग ती हसली आणि म्हणाली, "आता ट्रकवाल्याला मी सांगून ठेवलंय. आमी जेवल्याबिगर हात लावनार न्हाय. थांबतो बिचारा."

ट्रकवाला खरंच वडाखाली विडी ओढत बसला होता. बायकांनी डबे सोडले. सखुबाईने माझ्यापुढे अर्धी भाकरी आणि कोलंबीचं सुकं ठेवलं, आणि मी तिथेच बसून जेवलो.